शुगर फॉर्मवर लिहायची की नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचे हे पीथमपूरच्या एका कारखान्यात आहेत, वय 58. दोन वर्षांनी रिटायर होतील. मी 55 ची. आजवर दवाखान्याचं सगळं कारखान्याच्या ग्रुप पॉलिसीतून झालं, त्यामुळे स्वतःची पॉलिसी कधी घेतलीच नाही. यांना नऊ वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळीही चालू आहे. मला थायरॉईड आहे आणि 2019 मध्ये माझं पित्ताशय काढलंय. पुण्याचा मुलगा म्हणतो, "माझ्या कंपनीच्या पॉलिसीत तुमची नावं घालतो, वेगळे पैसे कशाला?" ओळखीचे एक एजंट घरी येऊन गेले. ते म्हणाले, फॉर्मवर शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल, पाच वर्षांनी कुणी काही विचारत नाही. यांना ते पटलंय. मला मात्र रात्री झोप लागत नाही. काय करावं?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : शुगर लिहा. बीपी लिहा, तुमचं थायरॉईड लिहा, पित्ताशयाचं ऑपरेशनही लिहा. बाकी सगळं नंतर बोलू.

मी 26 वर्षं इंदूरमधल्या एका रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीवर होते. लपवलेला आजार विमा कंपनीला कसा कळतो, ते रोज डोळ्यांसमोर बघितलंय. पेशंट भरती झाला की ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, "शुगर आहे का? कधीपासून?" त्या वेळी माणूस घाबरलेला असतो, बायको शेजारी उभी असते, खोटं कोण बोलणार? ती सांगते, "नऊ वर्षं झाली." ते केस पेपरवर जातं, तिथून डिस्चार्ज कार्डावर. क्लेम तपासणारा सर्वांत आधी तीच ओळ वाचतो आणि शेजारी पॉलिसी घेताना भरलेला तुमचा प्रपोजल फॉर्म ठेवतो.

माझ्या थोरल्या भावाचं हेच झालं. 61 व्या वर्षी पॉलिसी घेतली. कोऱ्या फॉर्मवर सही केली, आजारांच्या सगळ्या चौकटींत एजंटनं 'नाही' भरलं. दीड वर्षानं अँजिओप्लास्टी झाली आणि क्लेम नाकारला गेला. वहिनीनं पाटल्या मोडल्या. बिल माझ्याच खिडकीवर भरलं गेलं आणि पावतीही मीच फाडली. म्हणून या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

एजंटच्या 'पाच वर्षां'त अर्धं सत्य आहे. सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही एवढ्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. 2024 च्या आधी ही मुदत आठ वर्षांची होती. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण उरत नाही, आणि नऊ वर्षं गोळी घेणाऱ्या माणसानं 'शुगर नाही' लिहिलं तर त्याला दुसरं काय म्हणणार? शिवाय पहिली पाच वर्षं, म्हणजे यांच्या 58 ते 63, आजारी पडायचंच नाही का?

खरं लिहिल्यावर कंपनी तपासणी सांगेल, प्रीमियम थोडा चढवेल, कदाचित नाहीही म्हणेल. नाही म्हणाली तर दुसरीकडे अर्ज करा, पण आधीचा नकारही तिथे सांगा, फॉर्ममध्ये तो विचारतात. आधीपासूनच्या आजारांचा क्लेम मिळायला आता जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं, पूर्वी 48 होते. म्हणूनच रिटायरमेंटची वाट पाहू नका, याच वर्षी घ्या. थांबण्याचे पहिले 24 महिने कारखान्याच्या पॉलिसीच्या आडोशाला निघून जातील आणि यांचा शेवटचा पगार येईल तेव्हा फक्त 12 उरतील. दोन वर्षं दोन पॉलिस्या चालतील आणि एकीचा खर्च जास्तीचा वाटेल, हे मला कळतं. तरीही घ्या.

सोबत यांना कारखान्याच्या ऑफिसात एक विचारायला सांगा: ग्रुप पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आहे आणि नोकरी सुटताना तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का? तसं जाता आलं तर ग्रुपमध्ये काढलेली वर्षं या थांबण्याच्या मुदतीत धरली जातात. मात्र हे नोकरी सुटण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

मुलगा प्रेमानं म्हणतोय, नावं जरूर घालू द्या. पण ती पॉलिसी त्याच्या नोकरीला बांधलेली आहे. त्यानं नोकरी बदलली की त्या दिवसापासून तुम्ही उघड्यावर. वरचा आधार म्हणून ठेवा, त्यावर विसंबू नका.

पॉलिसी बघताना प्रीमियमच्या आधी रूम रेंटची ओळ वाचा. समजा 5 लाखांची पॉलिसी आहे, खोलीची मर्यादा दिवसाला 5,000 आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतली. लोकांना वाटतं, वरचे 3,000 आपण भरू. तसं नसतं. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. ते 1,60,000 झालं तर कंपनी एक लाख देते, 60,000 तुमच्या खिशातून जातात आणि खोलीचा फरक वेगळाच. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कात्री चालवता येत नाही, पण खिडकीवर हे ऐकून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या, प्रीमियम थोडा जास्त गेला तरी चालेल. को-पेही बघा. 20 टक्के को-पे म्हणजे प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा तुमचा.

मुलगा पुण्यात आहे, उद्या उपचार तिथे घ्यावेसे वाटतील. काही पॉलिस्या इंदूरच्या पत्त्यावर स्वस्त मिळतात, पण मोठ्या शहरात उपचार घेतल्यावर बिलातला हिस्सा तुमच्यावर टाकतात. हे आधीच विचारून घ्या.

किती लाखांची? माझ्या मते दोघांची वेगवेगळी 5-5 लाखांची आणि वरून दोघांचा मिळून 20 लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे 5 लाखांच्या पुढचं बिल भरणारी जादा पॉलिसी. 'सुपर' शब्दाकडे नीट बघा. एका वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं झाली तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण कोणतंही बिल एकट्यानं 5 लाखांपुढे गेलेलं नसतं. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो आणि वरचे तीन लाख देतो.

पैशांच्या बाजूनं दोन बऱ्या गोष्टी आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. आणि वय 60 झाल्यावर कंपनीला सरकारच्या विमा नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त प्रीमियम वाढवता येत नाही. सत्तरी गाठल्यावर सरकारच्या मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्डही मिळेल, त्याला उत्पन्नाची अट नाही, पण ते 5 लाख कुटुंबाला मिळून आहेत आणि यांची सत्तरी अजून बारा वर्षं लांब आहे.

पॉलिसी हाती आली की सोबतची फॉर्मची प्रत उघडून आजारांचं पान वाचा. काही चुकीचं असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवा. पॉलिसीच पटली नाही तर 30 दिवसांत परत करता येते. पुढे कधी क्लेम अन्यायानं नाकारला गेला तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर आपल्यासाठी भोपाळला विमा लोकपाल आहेत, ते अशा तक्रारींचा निवाडा करतात. फी लागत नाही, वकीलही नाही.

फॉर्म भरताना यांच्या शेजारी बसा आणि पेन स्वतःच्या हातात ठेवा. गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडून एकेक नाव उतरवा. मनात शंका राहिली तर सही करण्याआधी त्या पानाची प्रत मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा. मी वाचून लगेच कळवीन.