‘निसटता कौल’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: ‘सार्वमताचा निकाल अर्ध्या-एक टक्क्याने लागला तर त्याला जनतेचा कौल म्हणता येईल का, की निसटते बहुमत एवढेच म्हणावे? आणि हरलेल्यांनी कौल मान्य करावा असे म्हणतात, तेव्हा त्यांनी नेमके काय करायचे असते?’ सोबत कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या १९९५ च्या सार्वमताचे उदाहरण दिले आहे.

आधी ‘सार्वमत’ बाजूला काढू. नगरकडच्या मंडळींना या शब्दाने पहिल्यांदा त्यांचे दैनिक आठवेल, पण अर्थ सरळ आहे: एका ठरावीक प्रश्नावर सगळ्या मतदारांचे मत घेणे. ‘सर्वांचे एकमत’ असा त्याचा अर्थ नाही. सार्वमत घ्यावे लागते तेच मुळी एकमत नसते म्हणून. ‘जनमत’ म्हणजे लोकांचे मत. ते मोजलेले असेल किंवा नसेल. गोव्यात १९६७ साली महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावर मतदान झाले, त्याला ‘जनमत कौल’ हे नाव रूढ झाले. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात त्याला ‘ओपिनियन पोल’ म्हटले होते. आज त्याच शब्दांनी निवडणुकीआधीची वाहिन्यांवरची जनमत चाचणी डोळ्यांपुढे येते, तेव्हा मराठी नावच अधिक नेमके ठरले.

आता कौल. अरबी ‘क़ौल’ म्हणजे शब्द, वचन. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या कागदांत सरकार रयतेला कौल देते, म्हणजे अभय देते, शब्द देते. त्याचा लेख तो कौलनामा. (छपरावरचे ‘ते कौल’ निराळे, नपुंसकलिंगी, त्याचा इथे संबंध नाही.) कोकणात आणि गोव्यात याच शब्दाला दुसरा अर्थ चिकटला, देवाला कौल लावण्याचा. मूर्तीला पाकळ्या किंवा कळ्या लावतात आणि उजवीकडची पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरे. यात महत्त्वाची गोष्ट पाकळी पडण्याआधी घडते: कोणती बाजू म्हणजे काय, हे गाऱ्हाणे घालतानाच सांगून टाकावे लागते. पाकळी पडल्यावर ‘आम्हांला डावी म्हणायचे होते’ हे चालत नाही. आणि पाकळी अर्धी पडली की पुरती, जोरात की हळू, हे कुणी विचारत नाही.

म्हणून माझे उत्तर: काठावरच्या निकालालाही कौल म्हणावे, फक्त अट आधी ठरलेली हवी. ‘बहुमत’ हा मोजणीचा शब्द आहे, ‘कौल’ हा कराराचा. बहुमत निसटते, काठावरचे, प्रचंड असे कसेही असू शकते. कौलाला ‘निसटता’ हे विशेषण मला तरी खटकते. ते बहुमतालाच लावावे.

क्वेबेकचा प्रश्न इथे फार बोलका आहे. ३० ऑक्टोबर १९९५ ला कॅनडातून वेगळे व्हावे की नाही यावर तिथे मत घेतले गेले. सुमारे ९३.५ टक्के मतदान झाले. ‘नको’ला ५०.५८ टक्के, ‘हवे’ला ४९.४२. फरक ५४,२८८ मतांचा, आणि बाद ठरलेली मते ८६,५०१! जिंकण्या-हरण्याच्या अंतरापेक्षा बाद मतांचा ढीग मोठा. लावाल शहरातल्या एका मतदारसंघात तर शंभरामागे अकरा-बारा मते बाद झाली होती. फुलीची रेघ जाड आहे, वाकडी आहे असल्या कारणांवरून. गंमत अशी की तो भाग ‘नको’वाल्यांचा, त्यामुळे ओरड हरलेल्यांनी नव्हे तर जिंकलेल्यांनी केली. हरलेल्या बाजूचे प्रमुख जाक पारिझो यांनी त्या रात्री पराभवाचे खापर पैशावर आणि अल्पसंख्य समाजांच्या मतांवर फोडले, आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर केला. त्यांना निकाल पटला नव्हता हे उघड आहे. तरी वेगळेपणाची घोषणा काही झाली नाही.

पुढे २००० साली कॅनडाच्या संसदेने कायदा केला की पुन्हा असे सार्वमत झाले तर प्रश्न स्पष्ट हवा आणि बहुमतही ‘स्पष्ट’ हवे. स्पष्ट म्हणजे किती? आकडा दिलेलाच नाही. मतदान होऊन गेल्यावर संसद ठरवणार. भाषेच्या दृष्टीने हा विशेषणावर टाकलेला फारच मोठा भार आहे, आणि न्यायाच्या दृष्टीने पाकळी पडल्यावर बाजू ठरवण्यासारखे. त्यापेक्षा माँटेनेग्रोचे बरे. २००६ साली सर्बियापासून फुटण्यासाठी ५५ टक्के मते लागतील असे आधीच ठरले होते. पडली ५५.५. म्हणजे रेघ ओलांडली ती दोन-अडीच हजार मतांनी, तरी देश वेगळा झाला.

आधी ठरलेला नियम चांगलाच असतो असे मात्र नाही. १ मार्च १९७९ ला स्कॉटलंडमध्ये स्वतःच्या विधिमंडळासाठी मत घेतले. मत देणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के ‘हो’ म्हणाले. पण एकूण मतदारांच्या ४० टक्के ‘हो’ हवे अशी अट होती, ते भरले ३२.९. यादीतले मेलेले, गाव सोडून गेलेले, घरी बसलेले सगळे आपोआप ‘नाही’च्या खात्यात. मला ही अट लबाड वाटते. पण तिच्यावर भांडण करायची जागा मतदानाच्या आधीची, आणि ते तेव्हा झालेही होते.

ब्रिटनमध्ये २०१६ ला युरोपीय संघ सोडण्यावर ५२ विरुद्ध ४८ असा निकाल लागला, तेव्हा एका अर्जावर चाळीस लाखांहून अधिक सह्या पडल्या: ७५ टक्क्यांपेक्षा कमी मतदान आणि विजयी बाजूला ६० टक्क्यांपेक्षा कमी मते, तर पुन्हा मतदान घ्या. हा अर्ज मुळात निकालाच्या आधी, मे महिन्यात, संघ सोडू पाहणाऱ्या बाजूच्याच एका माणसाने हरण्याच्या भीतीने टाकला होता! सह्या केल्या त्या दुसऱ्या बाजूने. यावरून समजावे की ‘थोड्या मतांनी’ हा आक्षेप कोणत्या बाजूचा, हे निकाल लागल्याशिवाय कळत नाही.

राहिला ‘मान्य’. मराठीत ‘मान्य’, ‘कबूल’ आणि ‘पटणे’ हे वेगळे आहेत आणि आपण रोज ते नीट वापरतो. ‘मला पटत नाही, पण मान्य आहे’ हे वाक्य कुणाला विसंगत वाटत नाही. पटणे मनाचे काम, मान्य करणे वागण्याचे. हरलेल्याने मत बदलावे असे ‘मान्य’ सांगत नाही. त्याने निकालाच्या आड येऊ नये, एवढेच. ‘शिरसावंद्य’ हा पुढाऱ्यांचा आवडता शब्द इथे जरा जास्तच होतो.

गोव्याचेच पाहा. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. फुलाचे चिन्ह महाराष्ट्रात विलीनीकरणाला, दोन पानांचे केंद्रशासित राहण्याला. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने डिसेंबरातच राजीनामा दिला होता. (आणि हे मराठी विरुद्ध कोकणी असे सरळ भांडणही नव्हते, विलीनीकरणाविरुद्ध सगळ्यात हिरिरीने लिहिणारा मडगावचा ‘राष्ट्रमत’ मराठी दैनिकच होता.) दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. बांदोडकर हरले. दोनच महिन्यांनी निवडणूक झाली, त्यांच्या पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या आणि जो गोवा केंद्रशासित राहू नये म्हणून ते झटले होते, त्याच केंद्रशासित गोव्याचे ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. ‘मान्य आहे’चा याहून नेमका वाक्यात उपयोग मला सुचत नाही.

कौल बांधतो तो विचारलेल्या प्रश्नापुरताच, हेही तिथेच दिसते. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय त्या मतपत्रिकेवर नव्हता. तो ३० मे १९८७ ला आला, आणि त्याने १९६७ चा कौल मोडला असे कुणी म्हणत नाही. क्वेबेकबद्दल लिहिताना म्हणून ‘निसटत्या बहुमताने एकत्र राहण्याचा कौल’ असे लिहावे. ‘क्वेबेकने फुटीरतेला कायमचे नाकारले’ असा मथळा मात्र चुकीचा. ‘कायमचे’ असे तिथे कुणी विचारलेच नव्हते.