स्कॉटिश आणि वेल्श लोकांनाही इंग्रजांच्या वसाहतीतले, पिळले गेलेले लोक म्हणायचं का?

वेल्श, बऱ्याच अंशी हो. स्कॉटिश, नाही. मी साताऱ्याचा आहे, त्यामुळे दुसऱ्या भागावर मला गप्प बसवत नाही.

नोकरीसाठी चार वर्षं एडिंबराला होतो. ऑफिसातला एक स्कॉटिश मित्र, पहिल्या थंडीत स्वतःचा जाड कोट मला देऊन टाकणारा. एका दुपारी आम्ही सेंट अँड्र्यू स्क्वेअरमध्ये बाकावर सँडविच खात होतो. स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावं का, यावरच्या 2014 च्या सार्वमताचा विषय निघाला आणि तो म्हणाला, "तुमचं-आमचं दुखणं एकच. इंग्रजांनी दोघांनाही गिळलं."

समोरच्या उंच खांबावर हेन्री डंडासचा पुतळा. जन्माने एडिंबराचाच, आणि लंडनमधून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर हुकमत चालवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष. मी वर बोट दाखवलं आणि मग थांबलोच नाही. म्हटलं, दत्तक नामंजूर करून 1848 मध्ये आमचा सातारा खालसा करणारा डलहौसी इथून थोड्याच मैलांवर, डलहौसी कॅसलमध्ये जन्मला. साताऱ्यात छत्रपतींच्या डोक्यावर बसवलेला ग्रँट डफ स्कॉटिश. पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन स्कॉटिश. त्याच्यामागून मुंबईचा गव्हर्नर झालेला माल्कम तोही स्कॉटिश.

तो म्हणाला, "ते उमराव होते. साध्या स्कॉटिश माणसाचा काय संबंध?" उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं आणि उठला. नंतर बोलायचा, पण पूर्वीसारखं नाही.

तेव्हा न सुचलेलं उत्तर आता देतो. 1707 चं इंग्लंडशी विलीनीकरण स्कॉटलंडच्या स्वतःच्या पार्लमेंटने मत देऊन मान्य केलं. त्यात पैसे चारले गेले, लोक रस्त्यावर उतरले, हे खरं. पण तिजोरी रिकामी का झाली होती? पनामात डेरियनला स्वतःची वसाहत काढायला गेले आणि बुडाले म्हणून. विलीनीकरणानंतरही कायदा आणि चर्च त्यांचंच राहिलं. ग्लासगोचे व्यापारी गुलामांनी पिकवलेल्या तंबाखूवर आणि साखरेवर गबर झाले, डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागावर चालल्या. कंपनीत डॉक्टर, सर्व्हेअर, शिपाई म्हणून आले ते सगळे काही उमराव नव्हते.

वेल्स मात्र तलवारीने घेतलेला मुलूख आहे. 1282 मध्ये वेल्सचा राजपुत्र ल्युवेलिन मारला गेला, इंग्लंडचा राजा एडवर्डने कार्नार्व्हन, कॉन्वी असे किल्ले बांधून देश जखडला. 1536 च्या कायद्याने कोर्टाची भाषा इंग्रजी झाली. एकोणिसाव्या शतकात वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात शाळेत लाकडी पाटी अडकवायचे. 1965 मध्ये लिव्हरपूलच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे गाव बुडवलं, आणि त्यासाठी केलेल्या कायद्याच्या बाजूने वेल्सच्या 36 पैकी एकाही खासदाराने मत दिलं नव्हतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेतल्या, गेलिक भाषा बोलणाऱ्या लोकांवर खरोखर अन्याय झाला. बंड चिरडणाऱ्या 1746 च्या कलोडनच्या लढाईनंतर त्यांच्या पोशाखावरसुद्धा बंदी आली, पुढे मेंढ्यांच्या कुरणांसाठी गावंच्या गावं उठवली. पण उठवणारे जमीनदार बहुतेक स्कॉटिशच. सर्वांत जास्त होरपळला हायलँडमधला सदरलँड परगणा, आणि तिथूनच उभी केलेली 93 वी हायलँडर पलटण 1857 मध्ये लखनौवर चालून गेली. त्या पलटणीतल्या पोरांना उमराव कसं म्हणायचं?