अक्कांचा बटवा

अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून आलेल्या अक्का. वय 58, चार वर्षांपासून बीपी. खुर्चीत टेकता टेकताच म्हणाल्या, "ताई, बीपीनी गोयी लेस तवयपाईन गुडघा दुखतस." बीपीची गोळी घेते तेव्हापासून गुडघे दुखतात, म्हणून महिन्यापूर्वी ती गोळी त्यांनी स्वतःच बंद करून टाकलेली. आता बीपी 172/100, आणि गुडघे होते तसेच ठणकताहेत.

बीपीच्या गोळीनं गुडघे दुखतात का, हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, कधी उलटाही: गुडघ्यांमुळे बीपी चढतं का? वय आणि वजन वाढलं, चालणं कमी झालं की दोन्ही दुखणी जोडीनं येतात. रात्रभर दुखून झोप लागली नाही तर सकाळी बीपी जास्त भरतं, हेही खरं. पण बीपीच्या गोळीनं गुडघा झिजत नाही. खरी गोम बहुतेक वेळा औषधांच्या पिशवीत असते, म्हणून मी ती टेबलावर रिकामी करायला सांगते.

अक्कांनी कापडी बटवा उलटा केला. कात्रीनं कापलेले स्ट्रिपचे तुकडे, दोन-दोन गोळ्यांचे. एकावरही पूर्ण नाव नाही. "ही बीपीची. ही मुताची. अन् ही दुखलं का मग." दुखलं का म्हणजे दिवसाला किती? कापूस वेचणीत तीन. दोन वर्षांपासून, गावातल्या मेडिकलवरून. बीपीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं? "त्यास्नी कुठं गुडघ्याचं इचारलं?"

आमच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळीचा तुकडा ओळखला: डायक्लोफिनॅक. अशा गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे रसायन कमी करतात, त्यामुळे दुखणं दबतं. पण मूत्रपिंडाला रक्त नीट पोचायलाही तेच रसायन लागतं. ते घटलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पायांवर सूज येते, बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा जोरही कमी पडतो. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वर पेनकिलर, असं त्रिकूट मूत्रपिंडाला फार महागात पडू शकतं. अक्का महिन्यापूर्वीपर्यंत ते तिन्ही घेत होत्या. तरी शिक्षा झाली ती बिचाऱ्या बीपीच्या गोळीला!

डॉक्टरांनी पेनकिलर थांबवली, मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, बीपीची गोळी परत सुरू केली. गुडघ्याला चोळायला जेल दिलं. ते रक्तात फार कमी उतरतं. पॅरासिटामॉल लागलं तरच, कारण पूर्ण डोस रोज घेतला तर त्यानंही बीपी वाढू शकतं.

खाण्यापिण्याचं सांगणं माझं काम, म्हणून माझ्या वाट्याला आले पापड. अक्कांच्या ताटात दोन्ही वेळा उडदाचा पापड, शिवाय लोणचं. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, आणि पापडखारातही सोडियमच असतं, हे त्यांना अजिबात पटेना. "खार म्हंजे मीठ थोडंच?" शेवटी एका वेळेवर तडजोड झाली. वजनाचा हिशोब मात्र लगेच पटला: एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं हलका होतो. "म्हंजे पाच किलोचं वीस!" त्यांनी बोटांवर मोजलं.

तीन आठवड्यांनी बीपी 144/88. गुडघे अजून दुखतात, जिना नकोसाच वाटतो. पण रोज ओट्यावर बसून पाय ताठ धरतात, दहापर्यंत नात मोजते. आणि या वेळी बटव्यातून अख्ख्या स्ट्रिपा निघाल्या. मेडिकलवाला कात्री घेऊन पुढे आला तेव्हा अक्कांनी त्याचा हात धरला होता म्हणे.