बातमी दोघांनी मिळून ऐका

सांगली,
रविवार

बाळा,

परवा तुम्ही दोघं वर्षभरासाठी टोरांटोला जायचं ठरलं म्हणून सांगायला येऊन गेलात. पेढ्यांचा पुडा अजून ओट्यावरच आहे. "बाई, वर्षाचाच तर प्रश्न आहे, आणि फोन काय रोज होणारच," असं तू म्हणालीस तेव्हा मी मान हलवली. तुम्ही फाटकाबाहेर पडलात आणि मला चैन पडेना. आमचंही एक वर्षच होतं, आणि आमचाही फोन रोज होत होता. तुझ्या नवऱ्यासमोर बोलायचं राहिलं ते आता लिहिते. वाचून झालं की त्यालाही दे.

ऑक्टोबर २०१८ ते सप्टेंबर २०१९. यांना कंपनीनं जर्मनीत कोलोनला पाठवलं, मी कॉलेजातून बिनपगारी रजा काढली. शिकवते भूगोल, तेव्हा गेल्या गेल्या मी आधी नदी गाठली. ऱ्हाईनच्या काठी, जुन्या गावात, पाण्याची पातळी दाखवणारा एक मनोरा आहे. त्याला घड्याळासारखी तबकडी. लहान काटा मीटर दाखवतो, मोठा डेसिमीटर. आम्ही पोहोचलो तेव्हा ऱ्हाईन इतकी आटली होती की काठचे गोटे उघडे पडले होते आणि मालाच्या बोटी अर्ध्यामुर्ध्या भरून चालत होत्या. भाजी आणायला जाताना मी रोज त्या तबकडीपाशी थांबायची आणि डोळ्यांसमोर आपला कृष्णेवरचा आयर्विन पूल यायचा. पावसाळ्यात आपल्याकडे कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "काय म्हणतंय पाणी?" ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आपल्या पोरांना पाढ्यांबरोबर येतं. तिथं त्या तबकडीखाली उभं राहून कुणाला काय विचारणार?

बातम्यांचं म्हणशील तर पहिले काही महिने आम्ही हावऱ्यासारख्या बातम्या बघितल्या. जेवताना लॅपटॉपवर मराठी वाहिनी, झोपताना मोबाइल. फेब्रुवारीत पुलवामा झालं, मग बालाकोट. त्या पंधरा दिवसांत यांना झोप नव्हती. कोलोनची घड्याळं हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, त्यामुळे इथली पहाट व्हायची तेव्हा यांची मध्यरात्र असायची, आणि हे अंधारात पडद्यासमोर बसलेले. घरच्या ग्रुपवर मेव्हण्यांशी वाद झाला तो वेगळाच. पुढं निवडणूक आली. सांगलीचं मतदान २३ एप्रिलला होतं. परदेशात बसून टपालानं किंवा ऑनलाइन मत देता येत नाही, इथं येऊनच द्यावं लागतं. त्या दिवशी सासूबाईंनी शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला आणि यांनी तो दिवसभरात किती वेळा उघडून बघितला, मी मोजलं नाही.

एवढं सगळं बघूनसुद्धा घरचं काही कळत नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. दिल्लीत कोण काय बोललं ते आम्हाला पाठ होतं. आमच्या गल्लीत आठ दिवस नळाला पाणी नव्हतं, हे मात्र मला महिन्यानं कळलं. म्हणून तुला सांगते, रोज एका पेपरचं सांगली-मिरजेचं पान वाच. पाणीपुरवठा कुठं बंद, हळदीला काय दर निघाला, तासगावच्या बेदाण्याचं काय चाललंय, निधनवार्ता, सगळं. तुझ्या सासऱ्यांची द्राक्षबाग आहे ना? अवकाळी पाऊस झाला की फोनवर "बरं आहे सगळं" एवढंच म्हणतील ते. तू पान वाचलेलं असलंस तर "सोनाक्याला डावण्या आला का?" असं त्या द्राक्षाच्या जातीचं आणि तिच्या रोगाचं नाव घेऊन विचारशील, आणि मग माणूस खरं बोलायला लागतं. इथं पहाटे पेपर पडेल तेव्हा टोरांटोत तुमची आदल्या रात्रीची जेवणं चाललेली असतील. चांगली वेळ आहे. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेली की साडेदहाचा होतो, तेवढं दोन्ही घरी सांगून ठेव. नाहीतर एक रविवार सगळे फोन धरून बसतील.

आता ऑगस्टचं लिहिते. त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

जुलैच्या शेवटापासून मी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला, म्हणजे कोयना धरणात उतरणारा पाऊस वहीत टिपत होते. सांगलीच्या पुलापाशी चढणारं पाणी एका जागेचं नसतं, हे तुला मीच शिकवलंय. कोयना वर कराडला कृष्णेला मिळते, चांदोली धरणाचं पाणी घेऊन वारणा आपल्या खाली हरिपूरला मिळते, आणि आपण त्या दोन्हींच्या मधे बसलोय. ५ ऑगस्टला काश्मीरचं ३७० कलम रद्द झालं. दुसऱ्या दिवशी सुषमा स्वराज गेल्या. देशाच्या बातम्या त्यातच होत्या, आणि साहजिक होतं ते. पण आमचं गाव त्याच दोन दिवसांत बुडत होतं. वाहिन्या फिरवून फिरवून माझा अंगठा दुखायला लागला, सांगलीचं नाव खालच्या पट्टीत एकदा सरकून जायचं.

मग एका वाहिनीनं दाखवलं. पेठेतलं पाणी, होडी, छपरावरची माणसं. मी उठून उभीच राहिले. आणि त्यात एका दुकानाची पाटी दिसली. ते दुकान आमच्या पेठेतून २०१० च्या सुमारास उठलेलं. म्हणजे ती चित्रं २००५ च्या पुराची होती. तोवर मी ती क्लिप माझ्या मावसबहिणीला पाठवून मोकळी झाले होते, आणि ती बिचारी मुलाला घेऊन भर पावसात घराबाहेर पडली होती. त्यांच्या भागात पाणी आलंच नाही. मुलाला मात्र ताप भरला. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, तरी ती गोष्ट आजही मला सलते. "कोयना फुटली" असा कुणाचा तरी आवाजातला निरोप त्याच रात्री फिरत होता. तो मी पुढं पाठवला नाही. वही पुढ्यात घेतली आणि गणित मांडलं. ११,५७४ क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, रिकामं होतं. कोयना १०५ टीएमसीची. विसर्गाचे आकडे ऐकायला प्रचंड वाटतात, पण भागाकार केला की धरण दरवाजांतून सोडलं जातंय आणि भिंत जागेवर आहे हे समजतं. तुला गणित चांगलं येतं. असा निरोप आला की आधी कागद घे.

तर ६ ऑगस्टच्या रात्री माझ्या दिरांचा मला फोन आला. यांना नाही, मला. कापडपेठेतलं दुकान गळ्यापर्यंत पाण्यात होतं, गणपती-दसऱ्याचा सगळा माल खालच्या फडताळात. "वहिनी, दादाचं गुरुवारी मोठं प्रेझेंटेशन आहे म्हणे. तोवर काही बोलू नका." मी बरं म्हटलं. मला ते शहाणपणाचं वाटलं.

मला जे माहीत नव्हतं ते असं. त्याच दिवशी दुपारी माझ्या भावानं यांना फोन केला होता. आई गावभागातल्या घरात अडकली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवताना तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. विश्रामबागेत ओळखीच्यांकडं नेऊन ठेवलं, प्लास्टर घातलं. "ताईला सांगू नका, ती तिकीट काढून निघेल."

चार दिवस, बाळा. चार दिवस आम्ही एका टेबलावर समोरासमोर बसून जेवलो. त्यांच्या घरचं माझ्यापाशी आणि माझ्या घरचं त्यांच्यापाशी. ते मला विचारायचे, "आईंशी बोललीस का?" आणि मी म्हणायची, "लाइन लागत नाही." खरंच लागत नव्हती. सांगलीत वीज नव्हती, मोबाइल मेले होते. मी त्यांना विचारायची, "भाऊजी काय म्हणतात?" ते म्हणायचे, "दुकानात असेल." दोन वेळा माझ्या तोंडावर आलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला, आणि मी मनातून सुटल्यासारखी झाले. आता कळतं की ते मला टाळत होते.

८ तारखेला ब्रह्मनाळला लोकांना पुरातून बाहेर काढणारी नाव उलटली. ती बातमी आम्ही दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत वाचली.

शनिवारी मी धुणं घेऊन तळघरात निघाले होते. जिन्यात यांचा आवाज ऐकू आला, हळू, माझ्या भावाशी. "आईंच्या हाताची सूज उतरली का?" माझ्या हातात कपड्यांची टोपली तशीच. मी खाली गेले, आणि मला रडू येण्याऐवजी इतका संताप आला की तोंडातून निघालं, "आणि तुमचं दुकान बुडालंय, चार दिवस झाले." ते पायरीवर बसले. मीही त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. दिवा आपोआप विझणारा होता, तो विझला. आम्हा दोघांपैकी कुणी उठून लावला नाही.

त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ ला ५४ च्या आसपास होतं, आणि तेव्हाच आपण "असा पूर पुन्हा व्हायचा नाही" म्हणालो होतो. पाणी ओसरलं, दुकान वर्षभरात उभं राहिलं, आईचा हात जुळला, थोडा वाकडा राहिला इतकंच. मात्र ज्या चार दिवसांत मला त्यांचा आणि त्यांना माझा सगळ्यात जास्त आधार हवा होता, ते चार दिवस आम्ही एकेकट्यानं काढले, दहा फुटांच्या स्वयंपाकघरात. आपल्या माणसांनी केलं ते मायेपोटी केलं. पोरगी लांब आहे, तिला कशाला घोर, म्हणून जावयाला सांगायचं. पोरगा कामात आहे, म्हणून सुनेला सांगायचं. तुझ्या माहेरी आणि सासरीही हेच करतील. कारण तिथं नोकरी तुझी आहे, तेव्हा "तिला सांगू नका" हे तुझ्या नवऱ्याच्याच वाट्याला जास्त येणार. तो साधा मुलगा आहे, पोटात ठेवून ठेवून वाळेल.

म्हणून जायच्या आधी दोन्ही घरी एकदा बसा आणि स्पष्ट सांगा, की वाईट बातमी असली तर फोन स्पीकरवर होईल, दोघंही समोर असताना. "त्याला सांगू नको" हे वाक्य दोघांपैकी कुणीही मान्य करणार नाही. आईला वाईट वाटेल. वाटू दे. त्याच रात्रीपासून आम्ही हे सुरू केलं. रोज संध्याकाळी सातला चहा टाकायचा, फोन मधे ठेवायचा, जे काय असेल ते दोघांनी एकदम ऐकायचं, आणि साडेसातला लॅपटॉप बंद. रात्री उठून यांनी मोबाइल बघणं त्यानंतर आपोआप कमी झालं. रडायचंही त्या अर्ध्या तासात रडून घेतलं कितीदा.

आणि तीन माणसांचे नंबर कागदावर लिहून न्या. एक शेजारचा, वरच्या मजल्यावर राहणारा. एक विश्रामबागेकडचा, जिथं पाणी चढत नाही. आणि एक असा, जो गोड करून सांगणार नाही. नातेवाईक शक्यतो नकोत. आईच्या औषधांची यादी, विम्याचा कागद आणि लॉकरची किल्ली कुठं आहे हे त्यांतल्या एकाला तरी माहीत असू दे. मोबाइलमध्येच ठेवू नका. २०१९ ला सगळ्यांचं सगळं मोबाइलमध्येच होतं आणि मोबाइल बंद होते.

आम्ही सप्टेंबरच्या शेवटी परतलो. गावभागातल्या घरी गेले तर गाळाचा वास अजून भिंतीत होता. वडिलांनी २००५ ला जिन्याच्या भिंतीवर खिळ्यानं रेघ ओढून खाली तारीख कोरली होती. वडील आता नाहीत. भावानं तिच्या वर दुसरी रेघ ओढली होती. आईनं डाव्या हातानं खाली तारीख लिहिलेली, अक्षरं कलती. मी ती बोटानं चाचपली. फोनवर इतक्या दिवसांत कुणी मला त्या रेघेबद्दल सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

ते तिसरं माणूस मला करून टाक. मी काही गोड करून सांगणार नाही, हे तुला अकरावीपासून माहीत आहे. दर रविवारी सकाळी मी तुझ्या आईकडं चक्कर टाकीन आणि डोळ्यांनी बघितलेलं तेवढंच लिहीन, गुडघा कसा आहे, जिना चढतात का, फ्रिजमध्ये काय आहे. पावसाळ्यात पाणी ३५ फुटांवर गेलं की रात्र असो की पहाट, फोन करीन. तेव्हा एकटीनं उचलू नकोस. आधी त्याला उठव, मग स्पीकर लाव.

निघायच्या आधीच्या रविवारी दोघं जेवायला या. कागद तेव्हाच लिहू.

तुझी
बाई