परसात पाच-सहा कोंबड्या पाळायच्या आहेत, नवखे लोक नेमके कुठे चुकतात?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घोडबंदर रोडला कावेसरच्या बाजूला तळमजल्याचं घर आहे, मागे दोन गाड्या मावतील एवढी मातीची जागा आहे, मुलांना घरची अंडी द्यायची आहेत आणि येत्या रविवारी बाजारातून पिल्लं आणायचा बेत आहे. रविवारचा बेत आधी रद्द करा, मग पुढचं वाचा.

आमचं घर घणसोलीच्या गावठाणात. मागच्या दारी कोंबड्या आजीच्या काळापासून आहेत, त्यामुळे हौसेने सुरुवात करणारे बरेच जण आमच्याकडे चौकशीला येतात. भाऊबंद, ऑफिसातले, ऐरोली-वाशीचे रो-हाऊसवाले. बहुतेकांचं बिनसतं ते एकाच गोष्टीवरून: कोंबडी आधी येते आणि खुराडं नंतर. पिल्लं खोक्यात चिवचिवत असतात आणि साहेब मोबाईलवर जाळीचे भाव बघत असतात. मग घाईघाईत जे उभं राहतं, त्याच्यात कोंबडी पावसाळा काढत नाही.

जाळीचंच घ्या. हार्डवेअरच्या दुकानात षटकोनी भोकांची पातळ ‘कोंबडी जाळी’ मिळते. स्वस्त पडते म्हणून सगळे तीच घेतात. तिच्यामुळे कोंबडी आत राहते, पण मांजराचा पंजाही आरामात आत येतो. कोंबडी रात्री जाळीला टेकून झोपली की बाहेरून मुंडी धरली जाते. सकाळी बघावं तर धड आत, मुंडी गायब, आणि जाळी कुठेही फाटलेली नाही. लोक बुचकळ्यात पडतात की आत शिरलं कोण. आत कोणी शिरलेलंच नसतं. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची जाड वेल्डमेश जाळी घ्या, महाग असली तरी. खालून घूस उकरते, म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडा. खणायचं जमत नसेल तर बाहेरच्या बाजूने दीड फूट जमिनीवर आडवी पसरा आणि वर विटा-माती दाबा. घूस भिंतीच्या कडेला उकरायला लागते, तिथे जाळी लागली की नाद सोडते. दाराला नुसता आकडा नको, बोल्ट हवा.

तुमची बाजू तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागूनच. बिबट्या कुत्र्यांच्या मागे वस्तीत येतो आणि कोंबडी त्याला वर्ज्य नाही. रात्री उदमांजर, दिवसा मुंगूस, पिल्लांवर घार आणि कावळा. सापही येणार, अंड्यांसाठी आणि दाण्यावर जमणाऱ्या उंदरांसाठी. म्हणून अंडी संध्याकाळपर्यंत उचलायची आणि दाणा रात्री उघडा ठेवायचा नाही. साप निघालाच तर काठी शोधू नका, वनखात्याच्या १९२६ या नंबरावर फोन करा.

आता पाऊस. आपल्याकडे कोंबडी थंडीने मरत नाही, ओलीने मरते. ठाण्यात पावसाळाभरात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये पहिली सर आली की नवखा माणूस काय करतो, तर निळी ताडपत्री आणून खुराडं चारी बाजूंनी गुंडाळून टाकतो. माया खरी, पण आतली हवा कोंडते, विष्ठेतला अमोनिया आतच राहतो आणि आठवड्याभरात कोंबड्यांचे डोळे पाणावून शिंका सुरू होतात. ताडपत्री फक्त पाऊस झोडपतो त्या बाजूला लावा आणि तिथेही छपराखाली वीतभर फट ठेवा. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन फूट काढा, म्हणजे पागोळ्या आत येत नाहीत. खुराडं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असलं तर उत्तम.

खाली भाताची तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरतात. तो ओला झालाय का हे लांबून कळत नाही. मूठभर तूस घेऊन घट्ट दाबा आणि मूठ उघडा. सुटी होऊन पडली तर ठीक. लाडू वळला गेला तर आजच काढून कोरडी घाला. आणि वास घ्यायचा तो उभ्याने नाही. खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. तिथे डोळे चुरचुरले तर ती रात्रभर त्याच्यात बसलेली असते. ओल्या तुशीत पिल्लांना रक्ती हगवण लागते. विष्ठेत रक्त दिसलं की वाट बघू नका, डॉक्टरला विचारून पाण्यातून औषध सुरू करा, नाहीतर दोन-तीन दिवसांत पिल्लं पटापट जातात.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात: नुसता पत्रा असेल तर त्यावर झावळ्या किंवा ओली गोणपाटं टाका, सावलीत गार पाणी ठेवा. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरपर्यंत पाणी पिते, मे महिन्यात त्याहून जास्त. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागली की तिला ऊन झेपत नाहीये.

खुराडं झालं की मगच पक्षी. बाजारात टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं दिसतील, मुलं हट्ट धरतील. ती घेऊ नका. ती बहुधा अंड्यांच्या जातीतले नर असतात, हॅचरीला नको असलेले. अंडी तर देणार नाहीतच, जगतीलच याचाही भरवसा नाही. एक दिवसाचं पिल्लू पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब मागतं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. बल्ब, खोका, रात्रीची वीज गेली तर धावपळ. नवख्याने हे अंगावर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत. लस झालेल्या आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या घ्या. पैसे जास्त जातील, झोप वाचेल. गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे, तिथेही चौकशी करून बघा.

जात म्हणाल तर अंड्यांसाठी ग्रामप्रिया, ही परसात पाळायची सुधारित जात. चांगलं खाद्य मिळालं तर वर्षाला दीडशे-पावणेदोनशे अंडी सहज. गावठी कोंबडी साठ-ऐंशी देते, पण खुडूक बसते आणि पिल्लं स्वतः वाढवते. कडकनाथच्या नादाला पहिल्याच वर्षी लागू नका. अंडी कमी, भाव फार, आणि २०१९ मध्ये इस्लामपूरकडून कडकनाथ पालनातल्या गुंतवणुकीचा जो घोटाळा निघाला, त्यात लोक कोंबडी न बघता आकडे बघून फसले होते.

कोंबडा नको. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. तो फक्त पिल्लांसाठी लागतो. शेजारी पहाटे चारला आरवणं ऐकून जे पत्र लिहील ते सोसायटीच्या सेक्रेटरीला जाईल आणि अख्ख्या कोंबड्यांवर बालंट येईल. पिल्लं सरसकट घेतलीत तर त्यातली साधारण अर्धी कोंबडेच निघणार. आमच्या गावात त्यावर गटारी हा उपाय आहे. तुमच्या घरी मुलांनी त्यांना ‘राजा’ आणि ‘शेरू’ नाव ठेवलं असेल तर तो उपाय चालणार नाही, हे आधीच ठरवून टाका. सोसायटी असेल तर तिचे नियम आणि महापालिकेत परवानगी लागते का, दोन्ही जाळी घेण्याआधी विचारा.

लस हा विषय सगळे टाळतात, कारण पाच कोंबड्यांसाठी कोण लस देणार. आमच्या एका चुलतभावाच्या बारा कोंबड्या ठणठणीत होत्या. जत्रेहून येताना त्याने एक देखणी कोंबडी आणली आणि त्याच संध्याकाळी त्यांच्यात सोडली. चार-पाच दिवसांत हिरवी हगवण, माना पिळल्यासारख्या वाकड्या, आठवड्याच्या आत खुराडं रिकामं. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणतात, डॉक्टर राणीखेत म्हणतात. तिच्यावर उपचार नाही, फक्त लस. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी या त्याच रोगावरच्या लसीची सुई. लसीची बाटली अनेक पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून आसपास कोंबड्या पाळणारे गाठा आणि एकाच दिवशी मिळून द्या. बाटली दुकानातून घरी बर्फात आणा, खिशात नाही. कोंबड्यांच्या देवी रोगाचीही लस द्या, तो रोग डासांमधून पसरतो आणि डासांच्या बाबतीत ठाण्याला काही कमी नाही. नवी कोंबडी आणली की तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळं भांडं, आणि तिचं काम शेवटी करायचं.

बर्ड फ्लूची भीती घालत नाही, पण जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यातच मेलेल्या बगळ्यांमध्ये तो सापडला होता आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत. तिथे एक किलोमीटरच्या टापूतले पक्षी मारावे लागले. अचानक दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या तर त्या नाल्यात टाकू नका, कापू तर अजिबात नका. सरळ पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात कळवा. तसंही तुमचा कुत्र्यामांजरांचा डॉक्टर कोंबडी बघतो का, हे आजच विचारून ठेवा. बरेच जण बघत नाहीत.

खायला पोळीचे तुकडे आणि शिळा भात एवढंच घातलंत तर कोंबडी लठ्ठ होईल आणि अंडी आटतील. लेअरचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य आणा, दिवसाला एका कोंबडीला शंभर-सव्वाशे ग्रॅम, वर भाजीचा पाला. पावसात मोठी गोणी आणू नका, बुरशी धरलेलं खाद्य विषच. सुक्या मासळीची डोकी लोक हौसेने घालतात, पण त्यातलं मीठ कोंबडीला बाधतं. त्यापेक्षा रविवारी खायला तिसऱ्या (शिंपल्यांची मासळी) आणल्या तर शिंपल्या धुऊन, भाजून, वरवंट्याने जाडसर कुटून वाटीत वेगळ्या ठेवा. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर तेवढ्याने फरक पडतो. आणि मासळीचे थर्माकोलचे खोके लांब ठेवा. का कोण जाणे, कोंबड्या थर्माकोल वेड्यासारख्या टोचून खातात.

सुरुवात दिवाळीनंतर करा. पाऊस संपलेला असतो, ऊन लांब असतं, खुराड्यातल्या फटी शोधायला चार-पाच महिने हाताशी मिळतात. त्याआधी एक माणूस मात्र शोधून ठेवा. गणपतीत तुम्ही गावी जाणार, तेव्हा पाऊस चालू असणार आणि रोज तिन्हीसांजेला दार लावून बोल्ट सरकवायला कुणीतरी लागणार. आमच्याकडे शेजारच्या काकी हे करतात, त्या दिवसांतली सगळी अंडी त्यांची.