पावसाळ्यात घरी केलेला साबण मऊ राहतो, पांढरा पडतो, तेल सोडतो. असे घाणे टाकून द्यावेत का?

आपण लिहिले आहे की जुलैत मुंबईत घरी केलेल्या साबणाच्या पहिल्या घाण्याच्या वड्या तीन आठवड्यांनंतरही मऊ आहेत, त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसते आणि मधूनमधून थेंब जमतात. तर कोकमतेल घातलेल्या दुसऱ्या घाण्यात साच्यात वर तेल तरंगले आणि खाली घट्ट थर बसला. तेलाचा साबण करणारी तीव्र अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोडा, चमच्याने मोजला होता, हेही आपण प्रांजळपणे सांगितले आहे. माझे मत असे की इतक्यात काहीही टाकू नये, पण अंगालाही लावू नये. दोष हवेचा आहे की वजनाचा, हे आधी ठरवावे. कारण हवेमुळे होणारे दोष बहुधा दिसण्यापुरते असतात, वजनाच्या चुकीने मात्र कातडी भाजू शकते.

ते ठरवण्याची जुनी रीत सोपी आहे. साबण किमान दोन दिवसांचा झाल्यावर ओले बोट वडीच्या कापलेल्या बाजूवर चोळून जिभेच्या टोकाला जेमतेम टेकवावे. बॅटरीच्या सेलला जीभ लागल्यावर बसतो तसा झटका बसला, तर मोकळा, म्हणजे तेलाशी संयोग न झालेला, कॉस्टिक शिल्लक आहे. नुसती साबणाची बेचव लागली, तर नाही. चमच्याने मोजलेल्या घाण्यावर मी ही परीक्षा एकदम करणार नाही. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानांत फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण मिळते. त्याचा थेंब कापलेल्या भागावर टाकून तो गडद गुलाबी झाला, तर जीभ लावायची गरजच उरत नाही. पीएचची पट्टी पाहून मात्र घाबरू नये, कारण उत्तम साबणाचा पीएचही ९ ते १० असतो. ‘कॉस्टिकविरहित नैसर्गिक साबण’ अशा जाहिरातींवर माझा विश्वास नाही तो यामुळेच: अल्कलीशिवाय तेलाचा साबण होत नाही, आणि हिशेब बरोबर असेल तर तयार वडीत ती मोकळी उरत नाही.

पहिल्या घाण्यात झटका बसला नाही, तर आपली तक्रार बहुतांशी पावसाळ्याची आहे. पांढरी भुकटी म्हणजे वरच्या थरातल्या कॉस्टिकने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन केलेला सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. तो ओल्या फडक्याने पुसला जातो किंवा पहिल्या अंघोळीत धुऊन जातो. पुढच्या वेळी साच्यात मिश्रण ओतताच तो झाकून टाकावा, म्हणजे भुकटी कमी धरते. तीच पांढरी छटा वडीच्या आतपर्यंत गेली असेल आणि वडी खडूप्रमाणे भुरभुरत असेल, तर मात्र ती भुकटी नव्हे, जादा कॉस्टिक समजावे.

थेंब येतात ते ग्लिसरीनमुळे. साबण होताना ग्लिसरीन आपोआप तयार होते, ते वडीतच राहते आणि हवेतली आर्द्रता ओढून घेते. जुलै-ऑगस्टच्या मुंबईत आर्द्रतेला काय कमी? कोरड्या हवेत चार ते सहा आठवड्यांत वाळणारी वडी येथे पावसाळ्यात अधिक वेळ घेते. वड्या सुपात किंवा वेताच्या टोपलीत सुट्या मांडून पंख्याखाली, आणि घरात एसीची खोली असेल तर रात्री तिथे ठेवाव्यात, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. फ्रिजमध्ये ठेवल्यास बाहेर काढताच वडीला पाणी सुटते. उन्हात वाळवण घालण्याचा मोहही टाळावा. उष्णतेने तेल लवकर खवट होते. लोखंडी जाळीही नको, कारण लोखंडाच्या संपर्काने खवटपणाला वेग येतो आणि वडीवर नारिंगी डाग उमटतात. सूर्यफूल, करडई किंवा सोयाबीनचे तेल जास्त असलेल्या साबणाला हा रोग आधी लागतो, आणि तो मऊही राहतो.

दुसऱ्या घाण्याबद्दल माझा अंदाज वेगळा आहे. कोकमतेल, म्हणजे कोकणात टाचांच्या भेगांना लावतात ते भिरंडेल, सुमारे ३८ ते ४० अंशांना वितळते. बाकीची तेले गार असताना ते मिसळले, तर मिश्रण घट्ट होऊ लागते आणि ट्रेस, म्हणजे साबण होऊ लागून मिश्रण साच्यात ओतण्याइतके दाट होण्याची अवस्था, आली असे वाटते. प्रत्यक्षात साबण झालेला नसतो, फक्त कोकमतेल थिजलेले असते. पुढे साच्यात रासायनिक क्रियेची उष्णता वाढली की ते पुन्हा वितळून वर येते. म्हणून सर्व तेले एकत्र वितळवून ४५ अंशांच्या आसपास ठेवावीत आणि हँड ब्लेंडरने थांबून थांबून घुसळावे. नुसत्या चमच्याने ढवळत बसल्यास अंदाज चुकण्याची शक्यता फार.

हा घाणा वाचवता येतो. हातमोजे आणि चष्मा घालून वरचे तेल, खालचा थर आणि मध्ये साचलेले पाणी, असे सगळे स्टीलच्या पातेल्यात काढावे आणि ते पातेले उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून मिश्रण एकजीव, अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवावे. फार कोरडे वाटले तर थोडे पाणी घालावे. अॅल्युमिनियमचे भांडे मुळीच घेऊ नये. कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. शिजल्यानंतर परीक्षा करावी. मोकळा कॉस्टिक आढळला, तर थोडे खोबरेल घालून पुन्हा शिजवावे व पुन्हा तपासावे. वड्या ओबडधोबड होतील, तेवढे सोसावे.

वजनाचा हिशेब मात्र यापुढे काट्यावरच करावा, कारण एकाच चमच्यात पापुद्र्यांचा सोडा कमी आणि दाण्यांचा जास्त मावतो. उदाहरणादाखल, २०० ग्रॅम खोबरेल, २५० ग्रॅम शेंगदाणा तेल आणि ५० ग्रॅम एरंडेल घेतले, तर खोबरेलाला दर ग्रॅममागे ०.१८३, शेंगदाणा तेलाला सुमारे ०.१३६ आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम कॉस्टिक लागतो. बेरीज ७७ ग्रॅम. त्यातून ५ टक्के वजा करून ७३ ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडे तेल साबणात शिल्लक राहते. पाणी त्याच्या दुप्पट, १४६ ग्रॅम, आणि तेही डिस्टिल्ड. टँकरच्या दुष्फेन, म्हणजे जड, पाण्याने वडीवर साय येते. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कधीही नाही. कातडीवर शिंतोडा उडालाच, तर व्हिनेगर शोधत न बसता बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरावे.

एवढे काटेकोर मोजूनही वडी तेलकट राहिली, तर सोड्याची पिशवी तपासावी. उघडा कॉस्टिक पावसाळी हवेत ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेत राहतो, त्यामुळे काट्यावर ७३ ग्रॅम भरले तरी त्यात कॉस्टिक त्याहून कमी असतो. पिशवी फोडताच तो घट्ट झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा, आणि गठ्ठे झालेला सोडा साबणात न घालता मोरी साफ करायला वापरावा.