मूस जॉ बघण्यासारखं आहे का? हो, पण एक रात्र मुक्काम करा

तुम्ही विचारलंय की जुलैत कॅनडात सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायनाला बहिणीकडे येताय, सोबत आई आणि सात वर्षांची मुलगी आहे, आणि जवळ मूस जॉ नावाचं छोटं शहर आहे तर तिथे जावं की ते दिवस वाचवून रॉकी पर्वतातल्या बॅन्फला द्यावेत. मी रिजायनात राहते, आता आठवं वर्ष चालू आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी मूस जॉला घेऊन जाते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जा. नक्की जा. फक्त सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं करू नका. रिजायनापासून हायवे 1 ने पश्चिमेला साधारण 70 किलोमीटर, पाऊण तासाचा रस्ता, त्यामुळे सगळे तेच करतात, मूसच्या, म्हणजे इथल्या भल्यामोठ्या हरणाच्या, पुतळ्यापाशी फोटो, एक टनेल टूर, कुठेतरी जेवण आणि घरी, आणि मग म्हणतात काय विशेष नाही बुवा. अशा घाईत तिथे खरंच काही हाती लागत नाही. ते गाव संध्याकाळी कळतं, जुलैत सूर्य मावळायला रात्रीचे नऊ वाजतात आणि दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा मेन स्ट्रीटवर गर्दी नसते, जुन्या विटांच्या इमारतींवर तिरकं ऊन पडलेलं असतं, आईंना घेऊन आरामात चालता येतं. चाळीसपेक्षा जास्त भिंतींवर गावाच्या इतिहासाची मोठी चित्रं रंगवलेली आहेत, मुलीला मोजायला सांगा, माझ्या भाचीने एका संध्याकाळी एकोणीस शोधली होती.

लोकवस्ती 34 हजारांच्या आत. गाव वसलं ते रेल्वेमुळे, 1882 मध्ये कॅनेडियन पॅसिफिकची लाइन इथे पोचली आणि पुढे अमेरिकेकडून येणारी सू लाइनही इथेच येऊन मिळाली. मेन स्ट्रीटच्या टोकाला स्टेशनची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत अजून उभी आहे पण पॅसेंजर गाडी आता येत नाही, मालगाड्या जातात, आणि त्या इतक्या लांब की फाटकात अडकलात तर इंजिन बंद करून बसा. नावाबद्दल दोन गोष्टी सांगतात, एक म्हणजे नदीचं वळण मूसच्या जबड्यासारखं आहे म्हणून, दुसरी म्हणजे क्री या इथल्या आदिवासींच्या भाषेतल्या उबदार वाऱ्याच्या शब्दावरून. मला दुसरी आवडते.

पुतळा आधी उरकून घ्या, तो गावात शिरतानाच लागतो. मॅक द मूस, 1984 मध्ये उभा केला, लोखंडी सांगाडा आणि वर सिमेंट, दहा मीटरच्या आसपास उंच. नॉर्वेत 2015 मध्ये कुणीतरी चकचकीत स्टीलचा मूस केला, तो मॅकपेक्षा 30 सेंटिमीटर उंच निघाला, मग 2019 मध्ये दोन गावांत चांगलीच जुंपली आणि मूस जॉवाल्यांनी मॅकला नवीन मोठी शिंगं बसवून उंचीचा मान परत आणला. मुलीला ही गोष्ट आधी सांगून ठेवा, मग पुतळा बघायला मजा येते.

आता टनेल. गावाच्या मधोमध इमारतींच्या तळघरांतून जाणाऱ्या गाइडेड टूर आहेत, साधारण 50 मिनिटांची एकेक, कलाकार वेशभूषा करून गोष्ट सांगत नेतात. एक चिनी स्थलांतरितांवर आहे, एक अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातल्या स्मगलरांवर, त्यात शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन येतो. मुलीसाठी दुसरी घ्या, ती खेळीमेळीची आहे. पहिली जड आहे. दोन्हींत जिने आहेत, आईंचे गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण मला ती महत्त्वाची वाटते. कपोन इथे आला होता याचा भक्कम पुरावा नाही, आणि चिनी लोक या बोगद्यांत लपून राहायचे याचाही नाही, टूरवर नाटक दाखवतात आणि ते नाटक म्हणूनच बघा. पण त्या लोकांवर जे झालं ते मात्र शंभर टक्के खरं आहे. रेल्वे बांधायला चिनी मजूर हवे होते, रेल्वे झाली आणि 1885 मध्ये लगेच चिनी माणसाने कॅनडात यायचं तर 50 डॉलर डोईपट्टी, ती 1903 मध्ये 500 डॉलर केली, आणि 1923 मध्ये तर दरवाजाच बंद करून टाकला तो 1947 पर्यंत. बायकामुलं तिकडे आणि माणूस इकडे, अशी कितीतरी घरं. याच मूस जॉमध्ये क्वाँग विंग नावाचा रेस्टॉरंटवाला होता, चिनी वंशाचा पण रीतसर कॅनडाचं नागरिकत्व घेतलेला. 1912 मध्ये सस्कॅचवानने कायदा केला की चिनी मालकाने गोऱ्या बाईला कामावर ठेवायचं नाही. याच्याकडे दोन गोऱ्या वेट्रेस होत्या म्हणून त्याला दंड झाला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि 1914 मध्ये हरला. हे कोर्टाच्या कागदात आहे. मी स्वतः इथे वर्क परमिटवर आले, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, आता नागरिकत्वाचा अर्ज टाकलाय, त्यामुळे मेन स्ट्रीटवरून चालताना बोगद्यापेक्षा मला तोच माणूस जास्त आठवतो. कॅनडा सरकारने डोईपट्टीबद्दल 2006 मध्ये संसदेत माफी मागितली, तोपर्यंत ती भरलेले अगदी मोजके लोक हयात होते.

मुक्कामाला शक्य असेल तर टेंपल गार्डन्स स्पा असलेल्या हॉटेलात राहा, नाहीतर दुसरीकडे राहून नुसतं पूलचं तिकीट काढा, पण तो पूल चुकवू नका. 1910 च्या सुमारास इथे गॅस सापडतो का बघायला बोअर मारली तर गॅसऐवजी गरम खनिज पाणी लागलं, आता ते 1,350 मीटर खोलवरून उपसून गच्चीवरच्या पूलमध्ये सोडतात. अर्धा पूल आत, अर्धा उघड्यावर, आणि पाण्यातूनच पोहत आतून बाहेर जाता येतं. आपल्याकडच्या गरम पाण्याच्या कुंडाची सवय असेल तर आईंना एकदम आवडेल (बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून आणि दहा-दहा मिनिटंच). मी जानेवारीत उणे 28 ला गेले होते, मानेपर्यंत गरम पाणी आणि डोक्यावर ओले केस, पाच मिनिटांत बटा कडक झाल्या, हात लावला की बारीक कुरकुर आवाज यायचा, शेजारच्या आजोबांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या, वाफेतून फक्त डोकी दिसत होती. जुलैत हे नाही मिळणार, पण रात्री नऊला त्या पाण्यात बसून आकाश केशरी होताना बघता येईल, आणि इथलं आकाश म्हणजे काय ते तिथे कळेल, कारण मध्ये काहीच येत नाही, ना डोंगर ना टॉवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या दक्षिणेला 13 किलोमीटरवर सुकानेन शिप म्युझियमला जा. ते फक्त उन्हाळ्यात उघडं असतं. माझ्यासाठी मूस जॉची खरी जागा ही. टॉम सुकानेन नावाचा फिनलंडहून आलेला शेतकरी, आधी अमेरिकेत मिनेसोटाला, तिथून 1911 मध्ये पायी चालत सस्कॅचवानला आला, शेती केली, काही वर्षांनी बायकोमुलांना न्यायला परत गेला तर संसार विस्कटून गेलेला, बायको वारलेली, मुलं दुसऱ्यांच्या घरी. पुढे 1930 च्या दशकात, जेव्हा इथे दुष्काळ पडला होता आणि लोकांना खायचे वांधे होते, तेव्हा या माणसाने आपल्या शेतात एक अख्खं जहाज बांधायला घेतलं. समुद्र तिथून हजार किलोमीटरवर. बेत असा की जहाज नदीपर्यंत ओढत न्यायचं, नदीतून हडसन बे या उत्तरेकडच्या उपसागराला आणि तिथून फिनलंडला घरी. लोक त्याला वेडा म्हणायचे. लोखंडाचे पत्रे स्वतः ठोकून वाकवले, एका घोड्याने आणि विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या यंत्राने, जहाज ओढत राहिला, नदीपर्यंत काही पोचलं नाही. शेवटी त्याला नॉर्थ बॅटलफोर्डच्या मनोरुग्णालयात नेलं आणि 1943 मध्ये तो तिथेच वारला. नंतर लोकांनी ते जहाज इथे आणून उभं केलं आणि त्याचे अवशेषही आणून जहाजाशेजारी पुरले. तुम्ही गेलात की पत्र्यावर हात फिरवा, हातोड्याचे खळगे बोटांना लागतात. माझी आई तिथे बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘याला घरी जायचं होतं गं.’

बाकी तिथे जुनं गाव मांडून ठेवलंय, दुकानं, शाळा, ट्रॅक्टर, आणि 1957 ते 1963 पंतप्रधान असलेल्या जॉन डीफेनबेकरच्या कुटुंबाचं लहानसं घरही तिथे हलवून आणलंय, बघण्यासारखं आहे, एवढ्याशा खोल्यांत हिवाळा कसा काढला असेल.

म्युझियमच्या आजूबाजूला शेतं बघत जरा रेंगाळा. माझं माहेर कराडजवळ, बाबा शेतकरी, त्यांना तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये इकडे आणलं होतं. रस्त्याकडेला तपकिरी पडलेलं गुडघ्याएवढं पीक बघून त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, कडेची एक चपटी शेंग नखाने उकलली, आत दोन दाणे. ‘अगं हा तर मसूर!’ आमच्याकडे अख्खा मसूर म्हणजे जीव की प्राण, ढाबेच्या ढाबे त्याच्यावर चालतात, आणि इथे नजर पोचेल तिथपर्यंत मसूरच. भारतात बाहेरून येणारा मसूर बराचसा कॅनडातून येतो आणि कॅनडातला बहुतेक सगळा याच सस्कॅचवानमध्ये पिकतो. तुम्ही जुलैत याल तेव्हा तो हिरवा असेल, पण कॅनोला, म्हणजे मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक, फुललेला असेल, पिवळाधमक, आणि जवसाची निळी फुलं सकाळी सकाळी.

एक मात्र सांभाळा. पाऊस पडून गेला असेल तर कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नका. बाबा सोबत होते तेव्हाच आदल्या रात्री पाऊस झालेला आणि मी शॉर्टकट म्हणून मातीच्या रस्त्याला वळले, दोनशे मीटरवर चाकं रुतली. इथल्या मातीला गंबो म्हणतात, ओली झाली की चाकाला लिंपून बसते आणि मडगार्डमध्ये गच्च भरते, अगदी आपल्या काळ्या रानासारखी. वीस मिनिटांनी एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, दोर लावून गाडी बाहेर काढली, पैसे काही घेतले नाहीत. बाबांना इंग्रजी येत नाही, पण तो आणि बाबा दोघेही चिखलाचा गोळा बोटांत चुरत उभे, एकाने मान डोलावली की दुसऱ्याने डोलवायची, असं दहा मिनिटं चाललं होतं.

वेळ उरला तर बफेलो पाउंड प्रोव्हिन्शियल पार्क, उत्तरेला अर्ध्या तासावर, कुंपणात बायसनचा कळप आहे, आपल्या गव्यासारखा दांडगा प्राणी. तलावाचं पाणी रिजायना आणि मूस जॉ दोन्ही शहरं पितात. मुलीला विमानं आवडत असतील तर स्नोबर्ड्स म्हणजे कॅनडाच्या हवाई दलाच्या नऊ विमानांच्या कसरतीच्या टीमचा तळ मूस जॉलाच आहे, पण जुलैत ते बहुतेक शोसाठी बाहेर असतात, सराव बघायचा तर वसंतात यावं लागतं.

गाडी लागेलच. प्रांताची सरकारी बस कंपनी 2017 मध्ये बंद केली आणि पुढच्या वर्षी ग्रेहाउंडही पश्चिम कॅनडातून गेली. बहिणीची गाडी घ्या, स्वतः चालवणार असाल तर लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट ठेवा. संध्याकाळी नदीकाठी वाकामाव व्हॅलीत जाणार असाल तर मच्छरांचा स्प्रे आणि आईंसाठी स्वेटर हवाच, दिवसा 30 डिग्री असलं तरी सूर्य गेला की गार होतं. जेवणात व्हेज म्हणजे बटाटा भरलेल्या पेरोगी मिळतात, युक्रेनियन लोकांनी इथे आणलेल्या, आणि सस्कॅटून बेरीची पाय, दिसायला जांभळासारखी. तरी पोळी-भाजीचा डबा असू द्या, आईंना तीच बरी पडेल.

आणि बॅन्फ सोडायला मी सांगत नाहीये. गाडीने जाणार असाल तर मूस जॉ वाटेवरच आहे, एक रात्र इथे काढा आणि सकाळी लवकर निघा, कॅलगरी तिथून जवळजवळ 700 किलोमीटर आहे. तासाभराने चॅपलिन लागेल, तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसेल, ते सोडियम सल्फेटचं सरोवर आहे, काठावर बारक्या पायांचे पक्षी हजारोंनी उतरतात. मुलगी झोपली असेल तर तेवढ्यापुरतं उठवा.